‘भरून पावलो’ म्हणण्यापूर्वी

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, ही म्हण आपल्या मध्यमवर्गीय घरांत बाराखडीच्या बरोबरीने शिकवली जाते. ज्यांनी ती रचली त्यांना दोष देता येणार नाही. बांधाच्या वादात दोन-दोन पिढ्या खपल्याचे आणि वाटणीच्या दाव्यात वाडे वकिलांच्या घशात गेल्याचे त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. परंतु ही म्हण आपण आता भलत्याच ठिकाणी लावू लागलो आहोत. रस्त्याच्या कडेने सरळ चाललेल्या माणसाला भरधाव वाहनाने उडवले, त्याचा पाय मोडला, नोकरी धोक्यात आली, तरी घरात पहिला उद्गार निघतो तो असा : “जीव वाचला हेच पुष्कळ झाले. आता कुठे कोर्टकचेऱ्या करत बसता?” आणि त्यामागोमाग दुसरा, अधिक हळू आवाजातला : “दुखण्याचे पैसे मागायचे म्हणजे लोक काय म्हणतील?”

हा दुसरा उद्गार मला अधिक महत्त्वाचा वाटतो. भरपाई मागणे म्हणजे हात पसरणे, किंवा आपल्या दुःखाचा बाजार मांडणे, अशी एक समजूत आपल्या मनात दडून बसलेली असते. ती खरी आहे काय, याचा विचार सणासुदीच्या अंकात करणे काहींना अप्रशस्त वाटेल. पण सणासुदीलाच रस्त्यावर गर्दी अधिक असते, हेही विसरून चालणार नाही.

मराठीचा मास्तर असल्यामुळे मी आधी शब्दापाशी थांबतो. ‘नुकसान’ हा शब्द फारसीच्या वाटेने आपल्याकडे आला आणि इथलाच झाला. ‘भरपाई’ मात्र घरचा शब्द आहे. त्यात भरणे आणि पावणे या दोन्ही क्रिया आहेत. जुन्या काळी रक्कम पुरी पोचली की कागदावर ‘भरून पावलो’ असे लिहून देत. तेच दोन शब्द आपण कंटाळून, हात जोडूनही म्हणतो : “बाबा रे, भरून पावलो!” अपघातग्रस्ताच्या घरात बहुधा पहिल्या अर्थाचा कागद दुसऱ्या अर्थाच्या मनःस्थितीत लिहून दिला जातो, आणि सगळा घोटाळा तिथेच होतो.

ही कल्पना परकी नव्हे

दुसऱ्याला इजा करणाऱ्याने त्याच्या उपचाराचा खर्च सोसावा, ही कल्पना साहेबाने इकडे आणली असे समजण्याचे कारण नाही. मनुस्मृती आणि याज्ञवल्क्यस्मृती या दोन्हींत असा खर्च इजा करणाऱ्याकडून देववावा असे सांगितले आहे. त्याला तिथे ‘समुत्थान’ हा शब्द येतो. समुत्थान म्हणजे पुन्हा उठून उभे राहणे. जखमी माणूस पुन्हा पायांवर उभा राहीपर्यंतचा जो खर्च, तो समुत्थानव्यय! याहून नेमका शब्द आजच्या कायद्यालाही सापडलेला नाही. इतकेच नव्हे, तर अडाणी सारथ्यामुळे रथ भरकटून इजा झाली तर दंड रथाच्या मालकाला करावा, असेही मनुस्मृती सांगते. चालकाच्या चुकीला मालक जबाबदार, हे तत्त्व मोटारीहून पुष्कळ जुने आहे.

आधुनिक कायद्याची वाट मात्र लांबची झाली. माणूस मेला की त्याचा दावाही त्याच्याबरोबर मेला, असे इंग्रजी कायद्याचे जुने सूत्र होते. आपल्याकडे १८५५ साली प्राणघातक अपघातांचा कायदा झाला आणि मृताच्या पत्नीला, मुलांना व आईवडिलांना भरपाई मागण्याचा हक्क मिळाला. मुंबई-ठाणे आगगाडी सुरू होऊन तेव्हा दोनच वर्षे झाली होती. पुढे १९३९ साली मोटार वाहन कायदा आला. वाहनाखाली सापडणाऱ्या तिऱ्हाइतासाठी मालकाने विमा उतरवलाच पाहिजे, ही सक्ती १९४६ च्या जुलैपासून लागू झाली. आणि १९५६ च्या दुरुस्तीने अपघाताच्या दाव्यांसाठी दिवाणी कोर्टाहून निराळी, सुटसुटीत अशी न्यायाधिकरणे स्थापण्याची सोय केली. आज १९८८ चा कायदा आणि त्यातली २०१९ ची दुरुस्ती यांवर सारा व्यवहार चालतो. रेल्वेच्या अपघातांची न्यायाधिकरणे वेगळी आहेत. इथे आपण रस्त्यापुरतेच बोलू.

म्हणजे ज्या पायरीची आपल्याला भीती वाटते, ती ही पायरीच नव्हे. इथे आरोपीचा गुन्हा निःसंशय सिद्ध करावा लागत नाही. चूक कोणाची असण्याचा संभव अधिक, एवढेच पाहिले जाते. चालकावरचा फौजदारी खटला वेगळा चालतो आणि त्यात तो सुटला तरी भरपाईचा दावा त्यामुळे आपोआप बुडत नाही. दावा अपघाताच्या गावीच लावला पाहिजे असेही नाही. आपण राहतो तिथल्या न्यायाधिकरणातही तो लावता येतो. आणि रक्कम बहुतेक वेळा कोणा गरीब चालकाच्या खिशातून जात नाही, ती विमा कंपनी भरते. त्यासाठीच तर मालकाने वर्षानुवर्षे हप्ते भरलेले असतात.

एक पाकीट आणि एक प्रश्न

आमच्या शेजारच्या इमारतीत शिवणकाम करणाऱ्या एक बाई आहेत. तीन वर्षांपूर्वी, दिवाळीला आठ-दहा दिवस असताना, अस्तराचे कापड घेऊन परतताना मागे येणाऱ्या टेंपोने त्यांना पाडले. उजव्या पायाचा घोटा पार चुरला. दोन शस्त्रक्रिया झाल्या, पट्टी आणि स्क्रू बसले, आणि कपाटातले दिवाळीचे ब्लाऊज गिऱ्हाइकांनी एकेक करून परत नेले.

पंधरवड्याने टेंपोचा मालक घरी आला. माणूस वाईट नव्हता. येताना सफरचंदे घेऊन आला होता. “वहिनी, झालं ते फार वाईट झालं. पोरगा नवीन आहे, त्याचं आयुष्य हाताशी आहे. हे चाळीस हजार ठेवा, आणि इथं सही करा,” असे म्हणून त्याने पाकीट आणि कागद पुढे केला. आमची कोणाविरुद्ध काही तक्रार नाही, पुढेही राहणार नाही, असा त्यातला मजकूर होता. बाईंच्या यजमानांनी पेन काढले. त्यांना त्या वेळी दवाखान्याचे बिल तेवढे दिसत होते. बाई मात्र कॉटवरून म्हणाल्या, “आणि माझं मशीन कोण चालवणार?”

पेन परत खिशात गेले.

मला वाटते, भरपाईच्या साऱ्या कायद्याचे सार त्या एका प्रश्नात आहे. हाड मोडले त्याची किंमत किती, हा खरा प्रश्नच नव्हे. ते हाड मोडल्याने या माणसाचे कोणते काम थांबले, आणि किती काळ, हा खरा प्रश्न. सर्वोच्च न्यायालयाने २०१० सालच्या एका निकालात हेच फार स्पष्टपणे उलगडून दाखवले आहे. डावा हात गमावलेला सुतार किंवा मोटारचालक जवळजवळ पूर्ण मिळकतीला मुकतो. तोच हात गमावलेला सरकारी कारकून कदाचित त्याच जागेवर राहू शकतो. दाखल्यावरचा अपंगत्वाचा आकडा दोघांचा सारखा, नुकसान मात्र सारखे नाही. म्हणून डॉक्टर सांगतात ती टक्केवारी शरीराची, आणि न्यायाधिकरणाने ठरवायची ती कामाची.

त्याच निकालाने भरपाईची कलमेही मांडून दिली आहेत. औषधपाणी, इस्पितळ, येण्याजाण्याचे भाडे आणि पौष्टिक आहार यांचा खर्च. उपचाराच्या काळात बुडालेली मिळकत. कायमच्या अपंगत्वामुळे पुढे बुडणारी मिळकत. पुढच्या उपचारांचा खर्च. आणि यांखेरीज वेदना व मनस्ताप, आयुष्यातल्या साध्या सुखांना मुकणे, आणि आयुर्मर्यादा घटली असल्यास तीही. मांडी घालून पंगतीला बसता न येणे हेही नुकसानच, आणि कायदा ते जमेस धरतो. दवाखान्याच्या बिलापुरता हिशेब करणारे कुटुंब या यादीतले पहिले कलमही पुरते भरीत नाही.

हिशेब कसा होतो?

आता जरा पाटी-पेन्सिल घेऊ. बाईंचे वय अडतीस. ब्लाऊज, फॉल-पिको, शाळेचे गणवेश मिळून महिन्याची सरासरी कमाई १५,००० रुपये. आजचे उत्पन्न जन्मभर तेवढेच राहत नाही, म्हणून त्यात भर घालतात. स्वतःचा धंदा करणाऱ्याचे वय चाळिशीच्या आत असेल तर ४० टक्के भर घालावी, असे सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने २०१७ साली ठरवले. झाले २१,००० रुपये, वर्षाचे २,५२,०००.

पुढे कामाचे अपंगत्व. घोट्यामुळे पायाचे पायडल त्यांना उजव्या पायाने चालवता येईना. विमा कंपनीचे वकील म्हणाले, मशीनला मोटर बसवा. त्यात तथ्य होते. मोटरचे पायडल डाव्या पायाने दाबता येते. परंतु कापड बेतायला टेबलापाशी तासन् तास उभे राहावे लागते, आणि पाय सुजला की दिवस संपतो. म्हणून शिवणकामाच्या दृष्टीने ३० टक्के धरले. वर्षाची तूट ७५,६०० रुपये.

ही तूट किती वर्षांची धरायची? त्यासाठी वयानुसार गुणक ठरलेले आहेत. सर्वोच्च न्यायालयाच्या २००९ च्या निकालातले कोष्टक सध्या सर्वत्र चालते. पंचविशीपर्यंत १८ चा गुणक, छत्तीस ते चाळीसला १५, सेहेचाळीस ते पन्नासला १३, आणि पुढे उतरत उतरत साठीनंतर ७ व पासष्टीनंतर ५. बाईंसाठी १५. म्हणजे ११,३४,००० रुपये, आणि तेही एकाच कलमाखाली! चाळीस हजारांचे पाकीट कोणत्या तराजूत तोलले होते, ते वाचकांनीच ठरवावे.

विमा कंपनीने अर्थातच विचारले, की पंधरा हजारांना पुरावा काय? प्राप्तिकराचे कागद नव्हते, बँकेत नोंद नव्हती. होती ती गिऱ्हाइकांची मापे आणि शिलाई लिहिलेली लांबट वही. वर्षानुवर्षांच्या त्या वह्या बाईंनी मोडीत घातल्या नव्हत्या. उत्पन्न दहाच हजार धरले असते, तर वरचा आकडा ७,५६,००० वर आला असता. पावणेचार लाखांहून अधिक फरक, आणि तो पेन्सिलीने लिहिलेल्या वह्यांनी वाचवला.

ज्यांना पगार नाही त्यांचे काय?

“पण आमच्या घरची काही कमावत नाही,” असे पुष्कळ यजमान म्हणतील. हे वाक्य न्यायालयात जाऊन बोलू नये, कारण न्यायालयाचे मत तसे नाही. जमशेदपूर येथे १९८९ साली एका समारंभात आग लागून अनेक माणसे दगावली. त्या प्रकरणात २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने गृहिणींच्या कामाचे मोल महिना ३,००० रुपये धरायला लावले. पुढे २०२१ सालच्या एका निकालात याहून स्पष्ट भूमिका घेतली गेली. त्यात २०१९ च्या पाहणीचे आकडे दिलेले आहेत. घरातल्या बिनपगारी कामावर स्त्रिया दिवसाला सरासरी २९९ मिनिटे खर्च करतात, पुरुष ९७ मिनिटे. गृहिणीचे उत्पन्न अंदाजाने धरणे ही मेहेरबानी नव्हे, तिच्या श्रमाची ती ओळख आहे, असा त्या निकालाचा आशय आहे. पाच तास राबणाऱ्या बाईचा हात मोडला, तर ते पाच तास दुसऱ्या कोणाला तरी भरून काढावे लागतात. घरातली मंडळी आठ दिवसांतच हे अर्थशास्त्र शिकतात.

कागद आणि कॅलेंडर

भरपाई दोन गोष्टींवर उभी राहते, कागद आणि वेळ. अपघात झाल्याबरोबर माणूस इस्पितळात पोचला पाहिजे, हे पहिले. २०२५ सालच्या केंद्र सरकारच्या योजनेप्रमाणे नेमलेल्या इस्पितळांत सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचा उपचार रोख न भरता मिळू शकतो, तो मागावा. इस्पितळात ‘जिन्यावरून पडलो’ असे भिडेखातर लिहून देऊ नये. पहिल्या कागदावर जे पडते तेच शेवटपर्यंत मागे लागते.

त्यानंतर पोलिसांत नोंद, पंचनामा, वाहनाचा क्रमांक आणि पाहणाऱ्यांची नावे. २०२२ पासूनच्या नियमांप्रमाणे पोलिसांनी अपघाताचा पहिला अहवाल अठ्ठेचाळीस तासांत आणि सविस्तर अहवाल नव्वद दिवसांत न्यायाधिकरणाला द्यावयाचा असतो. वाहनाच्या विम्याची माहिती मागण्याचा हक्कही जखमी माणसाला आहे. औषधाच्या प्रत्येक चिठोऱ्यापासून रिक्षाच्या भाड्यापर्यंत सारे एका पिशवीत जमवावे. उपचार संपल्यावर अपंगत्वाचा दाखला घ्यावा, तोही शक्यतो ज्यांनी उपचार केले त्याच डॉक्टरांचा किंवा सरकारी मंडळाचा. आयत्या वेळी उदार हाताने दिलेल्या दाखल्याकडे न्यायाधिकरण संशयाने पाहते, आणि ते योग्यच आहे.

मुदत मात्र विसरू नये. दाव्याला मुदतीची अट १९९४ साली काढून टाकली होती. २०१९ च्या दुरुस्तीने ती परत आणली आणि १ एप्रिल २०२२ पासून दावा सहा महिन्यांत लावावयाचा आहे. या अटीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले आहे. परंतु त्या भरवशावर स्वस्थ बसणे शहाणपणाचे नाही. घरात दुखणेकरी असताना सहा महिने कसे जातात ते कळत नाही.

वाहन पळून गेले आणि सापडलेच नाही, तरी हात अगदीच रिकामे राहत नाहीत. अशा वेळी मृत्यूला दोन लाख आणि गंभीर दुखापतीला पन्नास हजार रुपये सरकारी योजनेतून मिळतात. चूक कोणाची हे सिद्ध न करता मृत्यूला पाच लाख आणि गंभीर दुखापतीला अडीच लाख अशी ठरीव रक्कम घेण्याचीही एक वाट आहे. पण ती स्वीकारली की मोठा दावा संपतो; तेव्हा आधी हिशेब, मग निर्णय.

आणखी एक गोष्ट घरोघरी तपासून पाहण्यासारखी आहे. आपल्या खासगी मोटारीचा विमा केवळ सक्तीपुरता, स्वस्तातला ‘थर्ड पार्टी’ असेल, तर आपल्याच गाडीत बसलेली आई किंवा स्कूटरवर मागे बसलेली बायको त्यात सहसा येत नाही. थोडक्या रुपयांच्या बचतीत घरचीच माणसे विम्याबाहेर राहतात. आणि स्वतःच्या वैद्यकीय विम्याचे पैसे मिळाले म्हणून भरपाईतून ते वजा करता येणार नाहीत, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्ण पीठाने २०२५ साली ठरवले आहे. आपण दूरदृष्टीने भरलेल्या हप्त्यांचा लाभ अपघात करणाऱ्याला का व्हावा?

तडजोड : केव्हा आणि किती

एवढे वाचून कोणी असे समजू नये की शेवटपर्यंत भांडलेच पाहिजे. तडजोड वाईट नसते, अंधारात केलेली तडजोड वाईट असते. शेजारच्या बाईंचे प्रकरण अडीच वर्षांनी लोकअदालतीत मिटले, सगळी कलमे मिळून अकरा लाखांवर. हिशेबाने अधिक निघत होते. परंतु लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नसते, त्यामुळे पुढची वर्षे वाचली आणि रक्कम हाती आली. काय सोडतो आहोत हे ठाऊक असून त्यांनी ते सोडले. सफरचंदांबरोबर आलेल्या कागदावर सही केली असती, तर काय सोडले हेही कळले नसते.

वकिलाच्या बाबतीत दोन शब्द. मिळणाऱ्या रकमेत वाटा ठरवून काम घेणे वकिलांच्या आचारनियमांना मान्य नाही. तेव्हा इस्पितळाच्या व्हरांड्यात ‘निम्मे तुमचे, निम्मे आमचे’ म्हणत फिरणाऱ्यांना दूर ठेवावे. स्त्रियांना, अपंगांना, अनुसूचित जातीजमातींच्या लोकांना मिळकतीचा विचार न करता विनामूल्य कायदेविषयक साहाय्य मिळते. त्यासाठी जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाचे दार ठोठवावे. आणि पलीकडच्या बाजूलाही न्याय हवाच. आपली थोडी चूक असेल तर तितका भाग वजा होतो, तो मान्य करावा. न झालेली दुखापत आणि न भरलेले बिल दाखवणारे लोक खऱ्या जखमींच्याच वाटेत काटे पेरतात. कायद्यात शब्द आहे तो ‘न्याय्य’ भरपाई असा. न्याय्य म्हणजे कमी नाही आणि अधिकही नाही.

भरपाईने पाय परत येत नाही, हे खरे. शेजारच्या बाई अजूनही जिना उतरताना कठडा धरतात. परंतु मशीनला मोटर बसली आहे, कापड बेतायला एक मुलगी हाताशी ठेवली आहे, उरलेली रक्कम बँकेत ठेव म्हणून आहे, आणि यंदा ब्लाऊज शिवून मिळणार नाहीत अशी पाटी दिवाळीच्या दहा दिवस आधीच दारावर लागली आहे. स्मृतिकारांचा तो शब्द मला अशा वेळी आठवतो. समुत्थान. पडलेल्याला उचलून बसवणे हे माणुसकीचे काम. त्याला पुन्हा उभे राहण्याचा खर्च देणे हे ज्याने पाडले त्याचे. ते मागताना आवाज खाली करण्याचे कारण नाही.